नांदणं

काचेचं घर शारजाहून आलं, सहा फुटी,
उचलायला चार नफर लागले.
शम्मा म्हणाली, सगळे यात. एकत्र.
वय वर्षं नऊ. अल ऐनच्या त्या व्हिलात
तिचा शब्द कुणी फिरवत नाही.

मी अकरा वर्षं हेच करतो,
कुणाला किती ऊन, कुणाला किती ओल.
काटेरी शेपटीच्या धबला दिव्याखाली
पंचेचाळीस अंश हवेत, आणि मसूर, आणि कोरडी वाळू.
झाडबेडकाला दोन वेळा फवारा.
तो पाणी कातडीनं पितो,
म्हणजे पाण्यात असेल ते सगळंच पितो.
आणि कासव पाण्यात काय करतं
ते बादली मी उपसतो म्हणून मला ठाऊक.

हे तिला सांगितलं माझ्या अरबीत,
जिच्यात क्रियापदं नाहीत.
ती म्हणाली, सदीक होतील.

मला वाटलं, होतीलही.
अंजनवेलला आमच्या विहिरीत
दिवड होती, बेडूक होते, एक म्हातारं कासव,
आणि तेच पाणी आम्ही प्यायचो.
चुलता वाकून बघायचा, म्हणायचा,
नांदतायत.

पहिले चार दिवस काहीच झालं नाही.
पाहुणे आले, काचेला नाक लावून गेले,
किती शांत, म्हणाले.
शांतच होते.
येमेनी सरडा काळा पडून कोपऱ्यात,
एक डोळा मिटलेला, दुसरा कासवावर.
भेक खड्ड्यात. तो कुणाच्या वाटेला जात नाही,
फक्त त्याची पाठ ज्याच्या तोंडी लागेल
त्याच्या तोंडाला फेस.
धब ओल्या शेवाळात पाय रुतवून उभा,
दुसऱ्याच्याच लग्नात शिरलेल्या माणसासारखा.
कुणी कुणाला चावलं नाही.
जेवलंही कुणी नाही.

पाचव्या दिवशी मोजले. पाल एक कमी.
पुन्हा मोजले.
भेकाच्या ओठातून शेपटीचं टोक,
सुईत राहून गेलेल्या दोऱ्याएवढं.

टिकाराम माळी दारात उभा होता.
आपल्या खोलीसारखंच की, म्हणाला.
म्हणजे एसी सोळावर ठेवणारा तो,
चादर ओढून कण्हणारा मी,
आणि माझी सुकट तव्यावर पडली
की चप्पल घालून बाहेर जाणारा दादरहीम.
मी म्हटलं, छे. आपल्या खोलीचं दार आतून उघडतं.
टिकाराम हसला नाही.
पासपोर्ट कुठाय तुझा, एवढंच विचारलं
आणि पाइप ओढत लॉनकडे गेला.

त्या रात्री विहीर पुन्हा आठवली, नीट.
दगडादगडांत भोकं होती.
दिवड अंधार पडला की बांधाला जायची.
आगोटीला बेडूक पायऱ्या चढून यायचे.
आणि दर वर्षी कमीही भरत असतील,
मोजायला कुणी नव्हतं, इतकंच.

दीड वाजता एकेकाला बाहेर काढलं.
बिर्याणीचे रिकामे डबे, झाकणाला खिळ्यानं भोकं.
कासव धुण्याच्या टबात.
झाडबेडूक माझ्या ओल्या बनियनवर.
धबला उचलला तर हाताला गार लागला,
या मुलखात, जुलैत, गार.
त्याला मागच्या फरशीवर ठेवला
जी रात्री दोनलाही भाकरीच्या तव्यासारखी असते,
आणि शेजारी उकिडवा बसून राहिलो.
अर्ध्या तासानं त्याच्या पाठीवर पिवळा परत आला,
आधी एक ठिपका.

सकाळी शम्मा रडली नाही.
विचारलं, कोण कुणावर रागावलंय?
कुणीच नाही, म्हटलं.
मग?
मग-ला माझ्याकडे शब्द नव्हता.
तिला हात धुवायला लावले.
तळवा धबच्या पाठीवर ठेवला, दिव्याखाली.
गरम, ती म्हणाली.
पुन्हा धुवायला लावले.
बेडूक बोटावर चढू दिला.
गार, ती म्हणाली, आणि बराच वेळ
बोट हलवलं नाही.

आता भिंतीला सहा पेट्या, सहा दिवे.
सरड्याच्या बाजूला पुठ्ठा लावलाय,
त्याला शेजारी दिसूसुद्धा नये म्हणून.
मोठं काचघर मागच्या अंगणात.
टिकारामनं त्यात मिरची लावलीये, आणि पुदिना.
पुदिना पसरत पसरत मिरचीपाशी पोचलाय.
मी अजून त्याला काही बोललो नाही.